नाताळचे दीप आणि तारे

ख्रिस्तजन्माची कथा चार शुभवर्तमानांपैकी दोहोंत आली आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी प्रकाशाचा उल्लेख आहे. मत्तयाच्या वृत्तांतात पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना एक तारा वाट दाखवितो. लूकच्या वृत्तांतात रात्री कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांभोवती अकस्मात तेज फाकते. ज्ञानी पुरुष किती होते हे मत्तय सांगत नाही. 'तीन राजे' ही पुढील काळातील परंपरेने घातलेली भर होय. जन्माचा महिना अथवा दिवसही या ग्रंथांत दिलेला नाही. २५ डिसेंबर या तिथीचा जुना उल्लेख रोममध्ये इ. स. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो आणि तो इ. स. ३३६ सालाची परिस्थिती दर्शवितो, असे मानले जाते.

ही तिथी ज्या दिवसांत येते ते उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस होत. ऑस्लो येथे त्या सुमारास सूर्य जेमतेम सहा तास क्षितिजावर असतो, बर्लिन येथे आठ तासांहूनही कमी. याउलट मुंबईत तेव्हा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि तिरुवनंतपुरम येथे साडेअकरा तासांहून अधिक. उत्तर युरोपातील माणसाला नाताळचा दिवा का लावावासा वाटला, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. केरळातील माणसाला तो का लावावासा वाटावा, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी या दिव्याचा मूळ प्रदेशातील प्रवास पाहणे इष्ट ठरेल.

स्वीडनमध्ये १३ डिसेंबर रोजी संत लुसियाचा सण साजरा होतो. शुभ्र वस्त्रे ल्यालेली एक मुलगी मस्तकावर पेटत्या मेणबत्त्यांचा मुकुट धारण करून, तिच्यामागून गात येणाऱ्या मुलांसह, अंधारातून घरात प्रवेश करते. जुन्या ज्यूलियन कालगणनेनुसार ही रात्र वर्षातील सर्वांत दीर्घ रात्रीच्या निकट येत असे. कालगणना बदलली, परंतु मेणबत्त्यांचा मुकुट राहिला.

हँबुर्ग शहरातील घटना याहून साधी आहे. योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने तेथे निराधार व दरिद्री मुलांसाठी एक आश्रम चालविला होता. नाताळ केव्हा येणार, असा प्रश्न मुले दररोज विचारीत. १८३९ साली विखर्नने गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसविल्या : रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या. रोज एक मेणबत्ती पेटवावयाची. ज्यांना दिनदर्शिका वाचता येत नव्हती अशा मुलांनाही आता सणापर्यंतचे दिवस मोजता येऊ लागले. आज जगभरातील चर्चमध्ये व घरांत आगमनकाळात हिरव्या पानांच्या वलयावर ज्या चार मेणबत्त्या लावल्या जातात, त्यांचे मूळ या चाकात आहे. दिव्यांचा आनंद हा बराचसा वाट पाहण्याचा आनंद असतो, हे त्या उपदेशकाने अचूक ओळखले होते.

नाताळच्या वृक्षाचा इतिहास आख्यायिकांनी पुष्कळ झाकोळला आहे. फर वृक्षाच्या फांद्यांमधून चमकणाऱ्या चांदण्या पाहून मार्टिन ल्यूथरने घरातील झाडावर मेणबत्त्या लावल्या, ही कथा अतिशय लोकप्रिय आहे. परंतु तिला समकालीन आधार नाही. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका नोंदीत घराघरांत उभारलेल्या फर वृक्षांचे वर्णन आहे. त्यांवर रंगीत कागदाची गुलाबपुष्पे, सफरचंदे, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखर टांगलेली होती. दिव्यांचा मात्र त्यात उल्लेख नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची भावजय असलेली जर्मन राजकन्या एलिझाबेथ शार्लोट हिने १७०८ साली आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या बालपणाची आठवण दिली आहे : मेजांवर लहान झुडपे मांडली जात आणि त्यांच्या प्रत्येक फांदीवर एकेक मेणबत्ती असे. गटेच्या १७७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'वेर्थर' या कादंबरीतही मेणबत्त्यांनी उजळलेले झाड येते. राणी व्हिक्टोरिया व तिचे कुटुंब अशा झाडाभोवती उभे असल्याचे एक चित्र १८४८ साली लंडनच्या सचित्र साप्ताहिकात छापले गेले आणि जर्मन घरांतील ही चाल इंग्रजी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात झपाट्याने शिरली.

या प्रसाराला आणखी एक कारण होते. त्याची चर्चा सहसा होत नाही. मधमाश्यांचे मेण महाग असे आणि चरबीच्या मेणबत्तीला धूर व दुर्गंधी असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टिअरिनच्या आणि १८५० नंतर पॅराफिनच्या मेणबत्त्या निघाल्या. त्या स्वच्छ जळत, सरळ उभ्या राहत आणि स्वस्तही होत्या. सामान्य कारागिराच्या घरातील झाडावर डझनभर ज्योती दिसू लागल्या त्या रसायनशास्त्राच्या या प्रगतीमुळे.

तरीही वाळत चाललेल्या सूचिपर्णी झाडावर उघडी ज्योत लावणे हा धोक्याचाच प्रकार होता. झाडाच्या शेजारी पाण्याची बादली आणि काठीच्या टोकाला बांधलेला ओला स्पंज ठेवीत. मुलांना बंद दाराबाहेर थांबवून ठेवले जाई. सर्व मेणबत्त्या पेटल्यावरच दार उघडे. काही मिनिटे सर्वांनी उभे राहून ते दृश्य पाहावयाचे, एखादे गीत म्हणावयाचे आणि लगेच ज्योती विझवावयाच्या. एवढी काळजी घेऊनही आगी लागत व प्राणहानी होई. आजच्या वाचकाला, ज्याच्या गल्लीत दिव्यांच्या माळा महिनाभर अहोरात्र लुकलुकत असतात, त्या काही मिनिटांची तीव्रता कल्पनेनेच जाणून घ्यावी लागेल.

माळेतील वीज

न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसनचे वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातील नाताळवृक्षावर विजेचे ८० दिवे लावले. तांबडे, पांढरे आणि निळे असे हे दिवे अक्रोडाएवढे होते आणि हाताने तारांना जोडलेले होते. झाड एका विजेच्या यंत्रावर संथपणे फिरत असे. एका बातमीदाराने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. जॉन्सनचा हेतू काही अंशी जाहिरातीचा होता, यात शंका नाही. नव्या शक्तीची भीती घालविण्यास याहून अधिक चांगले साधन त्याला सापडले नसते.

सुरुवातीची कित्येक वर्षे ही हौस फक्त धनिकांना परवडे, कारण प्रत्येक झाडासाठी वीजतंत्री बोलावून तारा जोडून घ्याव्या लागत. १९०३ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीने तयार माळा बाजारात आणल्या आणि पेटीतून काढून झाडावर टाकता येईल अशी ही वस्तू झाली.

अशा माळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. घरातील इतर दिवे समांतर जोडणीत असतात. एक बंद पडला तरी दुसरे चालू राहतात. माळेतील लहान दिवे मात्र एकसर जोडणीत, म्हणजे साखळीतील कड्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेले असतात. भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आहे. ६ व्होल्टचा चिमुकला दिवा त्याला थेट जोडला तर क्षणात जळून जाईल. परंतु असे ३८ दिवे एकसर जोडले की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ६ व्होल्टच येतात. रोहित्राशिवाय काम भागते, म्हणूनच माळ स्वस्त पडते. या स्वस्ताईची किंमतही ठरलेली : एका दिव्याचा तंतू तुटला की संपूर्ण माळ अंधारते. मग घरातील कोणी जाणत्याने एक चांगला दिवा हाती घेऊन माळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक जागी तो घालून पाहावयाचा. सणाच्या आदल्या संध्याकाळी हे काम करावे न लागलेले घर विरळाच.

यावर निघालेला उपाय मोठा चतुर आहे. काचेच्या आत, तंतूला धरणाऱ्या दोन तारांच्या तळाशी एक अतिबारीक तार गुंडाळतात. तिच्यावर ऑक्साइडचा विद्युत्‌रोधक थर असतो. तंतू शाबूत असताना या तारेतून वीज वाहत नाही. तंतू तुटताच साऱ्या माळेचा दाब त्या एकाच दिव्यावर येतो, तो थर भेदला जातो आणि वीज त्या आडवाटेने पुढे जाते. तो एक दिवा विझतो, बाकीचे जळत राहतात. मात्र आता तोच दाब थोड्या दिव्यांत वाटला जात असल्याने प्रत्येकावरील भार किंचित वाढतो. दुर्लक्ष केल्यास एकामागून एक दिवे अधिकाधिक वेगाने निकामी होतात.

माळ उघडझाप करते तीही अशाच साध्या युक्तीने. माळेतील एका दिव्यात दोन धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्याहून अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते, परिपथ तुटतो. निवल्यावर ती पूर्ववत होऊन परिपथ जुळतो. ज्या लुकलुकण्याकडे मूल टक लावून पाहत राहते, ते धातूच्या तापण्यानिवण्याचे चक्र असते.

१९९० नंतरच्या दशकात निळा प्रकाश देणारे कार्यक्षम अर्धवाहक दिवे सिद्ध झाले. त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शूजी नाकामूरा यांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तांबडे व हिरवे एलईडी दिवे आधीपासून होते. निळ्याची भर पडल्यामुळे पांढऱ्यासह सर्व रंग साध्य झाले. जुन्या पद्धतीच्या शंभर दिव्यांच्या माळेला सुमारे ४० वॅट वीज लागे. एलईडीच्या माळेला त्याचा लहानसा अंश पुरतो आणि ती फारशी तापतही नाही. आगीची भीती कमी झाली, पण नाहीशी झाली असे नव्हे. पातळ वेष्टनाची तार, उघडे जोड आणि पावसात वा दवात भिजलेला खटका ही संकटे दिव्याच्या प्रकारावर अवलंबून नसतात.

वीज आल्यामुळे झालेला सर्वांत मोठा बदल प्रकाशाच्या प्रमाणात नव्हता, तर जागेत होता. मेणबत्त्यांचे झाड बंद दाराआड असे आणि ते फक्त त्या घराचे असे. विजेचे झाड वाऱ्यापावसात उघड्यावर उभे राहू शकत होते. १९१२ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन चौकात सर्वांसाठी असे झाड उभारण्यात आले. १९३१ साली, महामंदीच्या दिवसांत, त्याच शहरातील रॉकफेलर सेंटरच्या बांधकामावरील मजुरांनी सुमारे वीस फूट उंचीचे एक झाड आणून क्रॅनबेरी फळांच्या आणि कागदाच्या माळांनी सजविले. पगारासाठी मजुरांची रांग त्याच झाडापाशी लागली होती. दोन वर्षांनी तेथे दिव्यांचे झाड समारंभपूर्वक उभारले जाऊ लागले. १९४४ साली युद्धकालीन प्रकाशबंदीमुळे ते झाड उभे राहिले, पण त्यावर दिवे लागले नाहीत. लंडनच्या ट्रफाल्गर चौकात १९४७ पासून दरवर्षी उभे राहणारे झाड ऑस्लो नगराने पाठविलेले असते. युद्धकाळात ब्रिटनने नॉर्वेला दिलेल्या साहाय्याबद्दलची ती कृतज्ञता आहे. सहा वर्षांच्या अंधारानंतर त्या चौकातील दिव्यांकडे पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, हे वेगळे सांगावयास नको.

ताऱ्याची भूमिती

ताऱ्याचा उगम निराळा आहे. जर्मनीतील नीस्की येथे मोरेव्हियन पंथीयांची एक शाळा होती. तेथे १८२१ साली शाळेच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी ११० टोकांचा कागदी तारा लावण्यात आल्याचा वृत्तांत आहे. पुढे असे तारे करणे हा तेथील मुलांच्या भूमितीच्या अभ्यासाचाच भाग बनला. हर्नहूट येथे १८९७ च्या सुमारास त्यांचे व्यवसाय म्हणून उत्पादन सुरू झाले. आजच्या नेहमीच्या ताऱ्याला २५ टोके असतात. अठरा चौरस आणि आठ त्रिकोण अशा २६ पृष्ठांचे एक घनरूप कल्पून त्याच्या प्रत्येक पृष्ठावर सुळका बसविला, की तारा तयार होतो. वरचे एक चौरस पृष्ठ दोरीसाठी व दिव्यासाठी मोकळे ठेवावे लागते. म्हणून सतरा चौकोनी आणि आठ तिकोनी सुळके उरतात. घनभूमितीचा पाठ मुलांच्या हाती कात्री व खळ देऊन शिकविणाऱ्या त्या अनाम शिक्षकांची दृष्टी प्रशंसनीय म्हटली पाहिजे.

भारतातील आकाशात

नाताळ हा शब्दच मराठीत व कोंकणीत पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ जन्मदिवस. बंगालीत या सणाला 'बडोदिन' म्हणतात आणि हिंदीत 'बडा दिन'. ज्या दिवसांत दिवस सर्वांत लहान असतो त्यालाच मोठा दिवस म्हणावे, यात थोडा विनोद आहे. परंतु येथे मोठेपणा घटकापळांनी मोजलेला नाही.

भारताच्या किनाऱ्यावर फर वृक्ष उगवत नाही. त्याची जागा बहुधा सुरूच्या फांदीने भरून काढली. मात्र भारतीय नाताळचे खरे चिन्ह झाड नव्हे, तर तारा हेच म्हटले पाहिजे. गोव्यात त्याला 'नखेत्र' म्हणतात. बांबूच्या कामट्या तासून पाच टोकांचे दोन सांगाडे करावयाचे, ते एकावर एक ठेवून टोकांशी बांधावयाचे आणि मध्ये आडव्या काड्यांनी ताणून फुगवटा आणावयाचा. मग पतंगी कागद खळीने डकवून आत दिवा सोडावयाचा. एखादा हौशी कारागीर त्याला झिरमिळ्यांची शेपटीही लावतो. या शेपटीला जुनी वंशावळ आहे. इटलीतील पादुआ येथील प्रार्थनामंदिरात चित्रकार जॉत्तोने १३०५ च्या सुमारास बेथलेहेमचा तारा शेंडेनक्षत्राच्या रूपात रंगविला. १३०१ साली आकाशात हॅलेचा धूमकेतू दिसून गेला होता.

ही कृती वाचताना मराठी वाचकाला आकाशकंदील आठवल्यावाचून राहणार नाही. साधने तीच आहेत : कामट्या, पतंगी कागद, खळ आणि सुतळी. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी आकाशकंदिलांच्या रांगा लागतात. दीडदोन महिन्यांनी शहरातील ख्रिस्ती वस्त्यांत घरोघरी तारे लटकतात. वसईच्या गावांत, जेथील कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मराठीचीच बोलीरूपे बोलत आली आहेत, तसेच माझगावच्या माथारपाखाडीत आणि गिरगावच्या खोताच्या वाडीत, लाकडी सज्जावर टांगलेला तारा आणि शेजारच्या घरात अजून न उतरविलेला कंदील एकमेकांना परके वाटत नाहीत.

ताऱ्याखाली गोठा असतो. ख्रिस्तजन्माचे दृश्य गव्हाण आणि प्राणी मांडून दाखविण्याची प्रथा असीसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी घातली, असे परंपरा सांगते. कोंकणीत त्याला 'गोठो' म्हणतात, मल्याळममध्ये 'पुल्कूड', म्हणजे गवताची झोपडी. शब्दही स्थानिक आणि वास्तूही स्थानिक. गोव्यात सणाच्या काही दिवस आधी परळात धान्य पेरून त्याचे हिरवे अंकुर गोठ्यापुढे शेत म्हणून मांडतात. पॅलेस्टाइनच्या डोंगरातील मेंढपाळ अशा रीतीने भाताच्या खाचरांतून चालत येतात, आणि त्यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. खरोखर ती नाहीच.

केरळात डिसेंबर लागला की दुकानांच्या दर्शनी भागात ताऱ्यांचे घोस दिसू लागतात. कागदी ताऱ्यांच्या जोडीला आता एलईडी नळ्यांचे तारे आले आहेत आणि त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटाचे नाव एखाद्या नमुन्याला देण्याची व्यापाऱ्यांची रीत आहे. ख्रिस्तेतर घरांवरही तारा लागलेला दिसतो. येथे अंधार दीर्घ नसतो, थंडीही बेताचीच. तेव्हा दिवा निकडीपोटी लावला जात नाही. युरोपातील दिवा काळोखाला दिलेले उत्तर होता. भारतातील तारा बाहेर टांगला जातो, उंबरठ्याच्या पुढे, रस्त्याकडे तोंड करून. तो घरातील माणसांपेक्षा येणाऱ्याजाणाऱ्यासाठी अधिक असतो. युरोप-अमेरिकेत झाडाला दिवाणखान्यातून चौकात येण्यासाठी विजेची वाट पाहावी लागली. कागदी तारा मात्र पणतीच्या अथवा मेणबत्तीच्या प्रकाशातही अंगणाबाहेर होता.

ईशान्येकडील डोंगरांत चित्र पुन्हा बदलते. मिझोराम, नागालँड आणि मेघालय या राज्यांत ख्रिस्ती लोकसंख्या बहुसंख्य असल्याने ऐझॉल, कोहिमा व शिलाँग येथे साऱ्या टेकड्याच उजळतात. उतारावर एकावर एक वसलेल्या घरांचे दिवे दुरून पाहताना आकाश कोठे संपते हे कळत नाही.

कोलकात्याची कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे. पार्क स्ट्रीट हा रस्ता, ज्याला २००४ पासून मदर तेरेसा सरणी असे नाव आहे, नाताळच्या रोषणाईसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे; २०११ पासून तेथील ॲलन पार्कमध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने नाताळ महोत्सव भरतो. या रस्त्यावरील कमानी व चित्रे जेथील कारागिरांच्या हातून घडतात ते चंदननगर हुगळी नदीच्या काठी, कोलकात्याच्या उत्तरेस आहे. १९५० पर्यंत ते फ्रेंचांच्या ताब्यात होते. तेथील जगद्धात्री पूजेच्या मिरवणुकीने या कलेला वाढविले. श्रीधर दास यांच्यासारख्या कारागिरांनी लहान दिव्यांची हलती चित्रे रचली आणि त्यांची कीर्ती परदेशांतही पोचली. बांबूच्या चौकटीवर दिवे बांधून पक्षी, रेलगाडी, कारंजे यांचे आकार करीत. हालचाल दाखविण्यासाठी लाकडाचा एक रूळ असे. त्यावर धातूच्या पट्ट्या ठरावीक अंतरावर ठोकलेल्या असत. रूळ मोटरीने फिरू लागला की पट्ट्या तारांच्या टोकांना क्रमाने स्पर्श करीत आणि दिव्यांचे गट त्या क्रमाने लागत व विझत. पक्षी पंख हलवी तो या रुळामुळे. पट्टी एक बोटभर सरकली तरी पंख चुकीच्या वेळी हले. म्हणून पट्ट्या बसविणारा कारागीर हा त्या कामाचा खरा रचनाकार असे. आता दिवे एलईडीचे झाले आणि रुळाची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली. विजेची बचत झाली, रंग वाढले, चौकटी हलक्या झाल्या. परंतु हाताच्या अंदाजाने पट्टी ठोकणाऱ्या माणसाचे ज्ञान त्या नियंत्रकात उतरलेले नाही. ते त्याच्याबरोबरच संपण्याची भीती आहे.

दुर्गापूजा, काली पूजा, जगद्धात्री पूजा आणि मग बडोदिन असा या कारागिरांचा हंगाम असतो. एकाच मोसमात तेच हात निरनिराळ्या देवतांपुढे दिवे लावतात. सणांच्या ऐक्यावर भाषणे पुष्कळ होतात. चंदननगरच्या कार्यशाळेत त्याची नोंद मागणीवहीत सापडेल.

नाताळचा काळ ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाने संपतो. गोव्यात रेइश मागुश, कासावली आणि चांदर येथे त्या दिवशी तीन मुले राजांच्या वेषात मिरवत चर्चकडे जातात. मग गोठे आवरले जातात, अंकुर गुरांपुढे टाकले जातात आणि तारे उतरतात. कागद बहुधा दवाने विटलेला व फाटलेला असतो. तो काढून टाकतात. कामट्यांचा सांगाडा मात्र जपून माळ्यावर ठेवतात, कारण नव्या कागदाला काही आणे पुरत असत त्या काळापासून सांगाडा पुन्हा वापरण्याची ही सवय चालत आली आहे.